केप हॅटरसचा दीपस्तंभ हलवला, त्याची पूर्ण केस

मी जुन्या वाड्यांची कामं करतो, स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, काम बहुतेक पुण्याच्या पेठांमध्येच असतं. मागच्या महिन्यात सदाशिव पेठेतल्या एका वाड्याची बैठक होती, पाच भावांची पुढची पिढी जमलेली, आणि विषय असा की वाड्याचा दर्शनी भाग, म्हणजे दिंडी दरवाजा आणि त्यावरची माडी, रस्त्याच्या रेषेत येतोय. मी सुचवलं होतं की पाडण्यापेक्षा तो अख्खा भाग जॅकवर उचलून चौकाच्या दिशेनं बारा फूट आत घेऊ. सगळ्यांनी ऐकून घेतलं, चहा झाला, आणि मग घरातले सगळ्यात मोठे अण्णा, वय पंच्याऐंशी, एवढंच म्हणाले, "अरे, जागेवर आहे तोवर ती वास्तू. हलवली की सामान झालं."

मला तिथं उत्तर देता आलं नाही. अण्णांचं म्हणणं चुकीचं आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही, पण एक केस आहे जी मी गेली कितीतरी वर्षं परत परत वाचतोय आणि त्यात नेमका हाच वाद वीस वर्षं चालला होता. अण्णांना म्हटलं मी ती तुम्हाला नीट मराठीत लिहून देतो. तेच हे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नॉर्थ कॅरोलिना राज्य आहे, त्याच्यासमोर समुद्रात वाळूच्या बेटांची लांबलचक माळ आहे, आउटर बँक्स म्हणतात. त्यातलं एक बेट हॅटरस. आता बेट म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर खांदेरी नाहीतर जंजिरा येतो, आणि तिथंच समजायची गडबड होते. खांदेरीवरही जुना दीपस्तंभ आहे, १८६७ सालचा, पण तो खडकावर उभा आहे, त्याच्या पायाखालची जमीन कुठं जात नाही. हॅटरसला खडक नाहीच, सगळी पुळण. वादळ आलं की समुद्राच्या बाजूची वाळू लाटांबरोबर बेटावरून पलीकडं खाडीच्या बाजूला जाऊन पडते, असं वर्षानुवर्षं होत राहतं आणि अख्खं बेट हळूहळू मुख्य जमिनीकडं सरकत जातं. बेट चालतं, त्याच्यावर बांधलेली इमारत मात्र उभी असते तिथंच राहते, म्हणजे बघायला गेलं तर समुद्र इमारतीकडं येत नाही, इमारत समुद्रात मागं राहते.

अशा जागी दीपस्तंभ हवाच कशाला, तर त्या टोकासमोर समुद्रात मैलोन् मैल उथळ वाळूचे पट्टे आहेत, डायमंड शोल्स नावाचे, आणि दक्षिणेकडून येणारा गरम गल्फ स्ट्रीम आणि उत्तरेकडून येणारा थंड प्रवाह तिथंच भेटतात. गलबतं प्रवाह पकडायला किनाऱ्याच्या जवळून जायची आणि वाळूत बसायची. इतकी जहाजं गेली की त्या भागाला अटलांटिकची स्मशानभूमी असं नावच पडलं. पहिला दीपस्तंभ १८०३ सालचा, पण बुटका आणि उजेड फिका, कप्तान लोक वैतागलेले. १८५० च्या दशकात त्याची उंची वाढवली, तरी भागेना, मग शेवटी नवीनच बांधला आणि तो पेटला डिसेंबर १८७० ला. साडेबारा लाखाच्या आसपास विटा, उंची १९८ फूट, म्हणजे आपल्या बाणेर-बालेवाडीत वीस मजली टॉवर असतो तेवढा, विटांचा अमेरिकेतला सगळ्यात उंच दीपस्तंभ. वर गॅलरीपर्यंत २५७ पायऱ्या. १८७३ ला त्याला काळेपांढरे तिरके पट्टे दिले, जिलबीसारखे वर वर फिरत जाणारे, म्हणजे दिवसा लांबून बघणाऱ्या खलाशाला हा हॅटरसचाच हे लगेच कळावं.

पायाबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण माझा जीव तिथंच अडकलाय. कामावरचा मुख्य माणूस होता डेक्स्टर स्टेटसन. खड्डा खणला तर चार फुटांवरच पाणी लागलं, आणि खालची वाळू इतकी घट्ट दबलेली की लाकडी खुंट ठोकून जाईनात. त्यानं काय केलं, तर पाण्याखालीच पाइनच्या जाड तुळया एकमेकींवर आडव्या-उभ्या अंथरल्या, त्यावर ग्रॅनाइटचं जोतं घेतलं आणि त्यावर विटांचा मनोरा चढवला. म्हणजे हजारो टन वजन एका लाकडी चटईवर, जी कायम पाण्यात. ऐकायला भीती वाटते पण लाकूड गोड्या पाण्यात पूर्ण बुडालेलं असलं की सडत नाही, हवा मिळत नाही ना त्याला. आपल्याकडं विहिरीच्या तळाला जांभळाचं लाकूड घालायचे ते याच हिशेबानं. सव्वाशे वर्षं ती चटई टिकली. पण अट एकच, पाणी गोडं राहिलं पाहिजे आणि वाळू जागेवर राहिली पाहिजे, आणि समुद्र जवळ आला की दोन्हीची खात्री जाते.

आणि समुद्र जवळ येत होताच. १८७० ला पाणी १,५०० फूट लांब होतं. १९१९ ला ३०० फूट. १९३५ पर्यंत शंभरच्या आसपास. १९३६ ला सरकारनं हात टेकले, दिवा काढला आणि आतल्या जंगलात एका लोखंडी सांगाड्याच्या टॉवरवर नेऊन बसवला, मनोरा सोडून दिला. आणि इथं एक गोष्ट झाली जी वाचताना मला दरवेळी आपले वाडे आठवतात. वरती फ्रेनेल लेन्स होती, काचेच्या लोलकांची मोठीच्या मोठी, ती रिकाम्या मनोऱ्यात पडून राहिली आणि लोकांनी तिचे लोलक काढून नेले, फोडले. समुद्रानं मनोऱ्याचं जे केलं नाही ते राखण गेल्यावर माणसांनी केलं. पेठेतला वाडा रिकामा होऊन कुलूप लागलं की पहिल्या दोन वर्षांत काय जातं ते बघा, पाऊस फार काही नेत नाही, कोरीव हस्त, म्हणजे तुळईखालचे लाकडी आधार, आणि कड्या-कोयंडे आधी जातात. त्या लेन्सचे उरलेले भाग आता तिथल्याच एका संग्रहालयात आहेत.

तीसच्या दशकात बेरोजगार तरुणांना काम देणारी सरकारी योजना होती, त्यांनी किनाऱ्याला वाळूचे लांब बांध घातले, पुळण जरा भरली, आणि १९५० ला दिवा परत मनोऱ्यावर आला. लोकांना वाटलं जिंकलो. पण १९७० पर्यंत अंतर परत १२० फुटांवर. जवळच नौदलाचं ठाणं होतं, त्यांनी आपलं ठाणं वाचवायला किनाऱ्यापासून सरळ समुद्रात शिरणारे तीन बांध घातले, ग्रॉइन म्हणतात त्यांना. किनाऱ्याला लागून वाळू नदीसारखी वाहत असते, ग्रॉइन ती अडवतो, म्हणजे वरच्या अंगाला वाळू साठते आणि खालच्या अंगाचा किनारा उपाशी मरतो. कालव्याच्या मुखाशी एकानं पाणी तोडून घेतलं की शेवटच्या शेताचं जे होतं तेच. वाळू आणून ओतायचा प्रकारही दोन-तीनदा झाला, वाळू आली तशी गेली. मग १९८० च्या मार्चमधल्या वादळात १८०३ च्या पहिल्या दीपस्तंभाचा जो काही पाया उरला होता तो रात्रीत वाहून गेला आणि सगळ्यांची झोप उडाली.

इथून खरा वाद सुरू झाला. काय काय सुचवलं गेलं, तर चौथा ग्रॉइन घाला, अजून वाळू ओता, समुद्रतळाला प्लास्टिकचं शेवाळ लावा म्हणजे वाळू अडकेल (हे खरंच लावून बघितलं), नाहीतर मनोऱ्याभोवती काँक्रीट-दगडाची भिंत बांधून टाका. भिंतीचा पर्याय बराच पुढं गेला होता. आणि मोजकी चार मंडळी म्हणत होती की मनोरा उचला आणि मागं न्या. यात डेव्हिड फिशेटी नावाचा स्ट्रक्चरल इंजिनिअर होता आणि ड्यूक विद्यापीठाचा किनाऱ्यांचा अभ्यासक ऑरिन पिल्की.

स्थानिक लोकांचा विरोध कडक होता. आणि मला इथं स्पष्ट लिहायचंय की ती माणसं अडाणी नव्हती. त्यांच्या आज्या-पणज्या त्या मनोऱ्याखाली वाढलेल्या, कित्येकांच्या घरातले लोक तिथं दिव्यावर नोकरीला होते, त्यांना वाटत होतं की शंभरावर वर्षांचं विटांचं काम उचललं तर मधोमध तडकून खाली येईल आणि तो दिवस आपल्याला बघावा लागेल. आणि दुसरी भीती, जी मला जास्त खरी वाटते, ती अशी की एकदा का दीपस्तंभ मागं नेला की सरकार किनारा वाचवायचं सोडून देईल, मग आमच्या घरांचं काय. दीपस्तंभ उभा होता तोवर समुद्राशी भांडायला सरकारकडं कारण होतं. आपल्याकडं धरणाखाली गाव जातं तेव्हा देवळाभोवती जे बोलणं चालतं त्यात देवळाबरोबर असंच बरंच काही असतं.

निकाल कशानं लागला, तर राष्ट्रीय उद्यान खात्यानं अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसला विचारलं, त्यांचा अहवाल आला १९८८ ला. मला त्या सगळ्या कामात आवडतं ते हे की त्यांनी कोणता उपाय भारी असं न विचारता प्रत्येक उपायाला एकच प्रश्न लावला, हे किती वर्षं पुरेल आणि तेवढ्या वर्षांनी तिथं काय दिसेल. या प्रश्नाला भिंत टिकत नाही. भिंत मनोऱ्याला धरून ठेवेल पण भोवतालचा किनारा मागं जातच राहील, म्हणजे काही दशकांनी भर समुद्रात भिंतीच्या कड्यात उभा एक मनोरा, माणूस तिथं होडीनं जाणार. हे काही कल्पनेतलं नाही, खाली साउथ कॅरोलिनात मॉरिस आयलंडचा दीपस्तंभ आहे, १८७६ चा, बांधला तेव्हा चांगला जमिनीवर होता, आता चारी बाजूंनी पाणी. आपल्या पुणे जिल्ह्यात उजनीच्या पाण्यात पळसदेवचं देऊळ आहे, गाव वर सरकलं आणि देऊळ खाली राहिलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की शिखर बघायला गर्दी होते. मीही गेलोय. जागा सोडली नाही त्या देवळानं, अण्णा. पण तिथं घंटा वाजवायला रोज कोण जातं.

अहवालानं हलवायची शिफारस केली, १९८९ ला खात्यानं निर्णय जाहीर केला. आणि मग दहा वर्षं काहीच नाही. पैसे नाहीत, राजकारण, परत चौथ्या ग्रॉइनची मागणी. या केसमधला मला सगळ्यात भीतीदायक भाग हाच वाटतो, मनोरा हलवतानाचे तेवीस दिवस त्यापुढं काहीच नाहीत, कारण या दहा वर्षांत एखादं वादळ बरोबर समोरून आलं असतं तर अहवाल कपाटात आणि मनोरा पाण्यात. शेवटी १९९७ ला नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी परत तपासून सांगितलं की अहवाल बरोबर आहे आणि आता थांबू नका, १९९८ ला पैसे मंजूर झाले, एकूण खर्च १ कोटी १८ लाख डॉलर.

आता प्रत्यक्ष काम. हे लिहायला मला हात शिवशिवतायत.

काम घेतलं बफेलोच्या इंटरनॅशनल चिमनी या कंपनीनं, बरोबर मेरीलँडचे एक्सपर्ट हाऊस मूव्हर्स. वजन अमेरिकी हिशेबात ४,८०० टनांच्या वर. आधी जोत्याभोवती खणून, हिऱ्याची वायर लावलेल्या करवतीनं ग्रॅनाइट थोडा थोडा कापत गेले, जेवढा दगड निघाला तेवढ्या जागेत लगेच लोखंडी आधार, एकदम मोकळं कुठंच नाही. मग त्या आधारांमधून मोठे पोलादी गर्डर आरपार घातले आणि गर्डरमध्ये शंभर हायड्रॉलिक जॅक.

त्या जॅकमधली अक्कल बघा. शंभरच्या शंभर जॅक वेगवेगळे चालवले असते तर एखादा कमी-जास्त झाला की वर भिंतीला भेग. म्हणून त्यांनी शंभर जॅकचे तीन गट केले आणि एका गटातल्या सगळ्यांचं तेल एकमेकांना जोडलं. मग एखाद्याखालची जमीन जरा दबली तरी तेल आपोआप सरकतं आणि वजन सगळ्यांवर सारखं राहतं, आणि अख्खा मनोरा जणू तीन पायांवर उभा. चार पायांचं टेबल शहाबादी फरशीवर डुगडुगतं, तिपाई कधी डुगडुगत नाही. एवढीच कल्पना, पण चार हजार टनांखाली.

माझ्या मावशीचा हडपसरला बंगला आहे, रस्ता दरवर्षी वर चढत गेला आणि पावसाळ्यात पाणी घरात, म्हणून काही वर्षांपूर्वी तो चार फूट उचलून घेतला. तिथं मी पूर्ण दिवस उभा होतो. पोरं ओळीनं स्क्रू जॅकपाशी बसलेली, मुकादमाची शिट्टी झाली की सगळ्यांनी एकाच वेळी एक आटा फिरवायचा, परत शिट्टी, परत एक आटा. दोन जुन्या भेगांवर मी काचेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, भेग जरा हलली तर काच आधी फुटते. मावशी दर दहा मिनिटांनी येऊन काच बघायची आणि मला विचारायची, "बाळा, फुटली नाही ना?" नाही फुटली. हॅटरसला याच कामासाठी मनोऱ्यावर ठिकठिकाणी सेन्सर होते, साठेक, कल किती, कंपन किती, ताण किती, वर वाऱ्याचा वेग मोजायची सोय. पण उभं राहून बघणाऱ्यांचं पोटातलं पाणी मावशीसारखंच हलत असणार.

मनोरा सहा फूट उचलला, खाली पोलादी रूळ आणि रोलर, मागून ढकलायला आडवे जॅक, एका दमात पाच फूट. पाच फूट ढकलायचं, जॅक सोडवायचे, पुढं आणून परत रुळाला पकडवायचे, परत पाच फूट. मागचे रूळ उचलून पुढं. १७ जून १९९९ ला हलायला लागला आणि ९ जुलैला जागेवर, तेवीस दिवस, २,९०० फूट. भर उन्हाळ्यात गर्दी करून लोक बघत होते. नव्या जागी साठ बाय साठ फुटांचा, चार फूट जाड काँक्रीटचा स्लॅब आधीच टाकून ठेवला होता. ऑगस्टच्या शेवटी डेनिस वादळ आलं, बेटावरचा हमरस्ता तोडून गेलं, मनोरा नव्या जागी उभा होता. १३ नोव्हेंबरला दिवा परत लावला.

आता अण्णांच्या वाक्याकडं येतो. नुसता मनोरा नेला असता तर अण्णांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, ते सामानच झालं असतं. पण त्यांनी दिवेवाल्यांची दोन्ही घरं, तेलाची खोली, पाण्याच्या टाक्या, सगळं आधीच नेलं आणि नव्या जागी एकमेकांपासून पूर्वी जितकं अंतर होतं तितक्याच अंतरावर, त्याच दिशेला तोंड करून, त्याच उंच-सखल हिशेबानं बसवलं. आणि समुद्र? नवी जागा पाण्यापासून १,६०० फूट. १८७० ला १,५०० होतं. म्हणजे नकाशावर मनोरा हलला, पण घराशी, अंगणाशी आणि समुद्राशी त्याचं जे नातं होतं ते स्टेटसनच्या वेळी होतं तसं परत आलं. १९९८ पर्यंत जागेवर उभा होता तेव्हाच ते नातं बिघडलेलं होतं.

गेलं काहीच नाही असं मी म्हणणार नाही. पाइनची चटई जुन्या जागीच वाळूखाली राहिली, जोत्याचा जुना दगड कापला गेला, आणि आज मनोरा काँक्रीटवर उभा आहे. मला ते लाकूड राहून गेल्याचं मनापासून वाईट वाटतं.

हे सगळं मागच्या रविवारी अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी मधे एकदाच थांबवलं आणि विचारलं, जुन्या जागेवर मग काय ठेवलं? तर जोत्याचे कापलेले दगड तिथं गोल मांडून ठेवले होते, आणि त्यांच्यावर त्या दिव्यावर नोकरी केलेल्या ८३ माणसांची नावं कोरली होती. पण समुद्र थांबला नव्हताच, वाळू दगडांवर चढायला लागली, पाणी यायला लागलं, मग २०१५ ला ते दगडही उचलून मनोऱ्याजवळ नेले.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, दरवाजा बारा फूट आत घेतलास तर तुळशीवृंदावन पण बारा फूट मागं जायला पाहिजे, चौकात तेवढी जागा आहे का? मला माहीत नव्हतं. या रविवारी टेप घेऊन बोलावलंय.